रात्रभर पावसात उभी असलेली बाईक सुरू होत नाही, सेल्फ मात्र फिरतो. काय बघू?

कार्ब्युरेटरची गाडी (फ्युएल इंजेक्शन नसलेली) धरून सांगतो. हँडलवरचा किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) आधी बघा, चुकून बंद राहतो. मग इंजिनवरच्या स्पार्क प्लगची कॅप ओढून काढा आणि आतून कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात बहुतेक वेळा पाणी तिथेच शिरतं. तरी नाही झाली तर प्लग खोला. पेट्रोलने ओला असेल तर ओव्हरफ्लो झालंय: पुसून वाळवा, परत बसवा, चोक बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारा. कोरडाच असेल तर पेट्रोल पोचत नाही, टाकीखालचा पेट्रोल कॉक रिझर्व्हला करा.

पण साचलेलं पाणी एअर फिल्टरपर्यंत चढलं असेल तर कृपा करून सेल्फही मारू नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गाडी ढकलत गॅरेजला न्या.