रोड टॅक्सचा टोमणा आणि लाल सिग्नल
नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर सायकल चालवायला लागलास की कधीतरी कुणीतरी काच खाली करून विचारणारच, "रोड टॅक्स भरतोस का?" थांबून हुज्जत घालू नकोस, पण उत्तर माहीत असू दे. तो कर मोटार वाहनांचा. शहरातले बहुतेक रस्ते महापालिका सांभाळते आणि तिच्या तिजोरीत तुझ्या घरचा मालमत्ता करही जातो. शिवाय १९५८ ते १९६० मधल्या अमेरिकेतल्या चाचण्यांत दिसलं, की एक्सलवरचा, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचा, भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. उरण फाट्यावरचे कंटेनर बघ आणि आपली सायकल बघ. पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घेऊन बिल्ला देत. तो कर परत आणणं मला साफ चुकीचं वाटतं.

नियमांना मात्र सूट नाही. पहाटे रस्ता मोकळा दिसला तरी लाल म्हणजे थांबायचं, कारण त्या वेळी गाड्या सर्वांत सुसाट असतात. उलट दिशेनं तर कधीच नको. सिग्नलला बस किंवा ट्रकच्या डाव्या बाजूला घुसू नकोस. ड्रायव्हरला तू आरशात दिसत नाहीस आणि डावीकडे वळताना तो थेट तुझ्या अंगावर येतो. मागेच थांब. उजवीकडे वळायचं तर आधी मान वळवून बघ, मग हात पूर्ण लांब कर. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, हेल्मेट हवंच.

आधी नेरूळच्या सेक्टरांतल्या आतल्या रस्त्यांवर एका हातानं सायकल सरळ ठेवायचा सराव कर, मग पाम बीचला ये.