वडिलांना १५ वर्षांपासून शुगर आहे, पायाच्या अंगठ्याखाली जखम झालीय पण दुखत नाही. थांबलं तर चालेल का?

नाही, थांबू नका. न दुखणं हेच इथे वाईट लक्षण आहे. बरीच वर्षं शुगर जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. चपलेत खडा असला तरी माणूस दिवसभर चालत राहतो. मी ड्रेसिंग रूममध्ये काम करते. तिथे तळव्याला नायलॉनचा एक तंतू टेकवतात, १० ग्रॅम दाबाला तो वाकतो. ज्याला तो स्पर्श कळत नाही, त्याला जखमेचा धोका जास्त. धोका वाढवणाऱ्या आणखी गोष्टी:

- पायाचा रक्तपुरवठा कमी असणं (तंबाखू-विडीने आणखी बिघडतो)
- घट्टा, वाकडी बोटं
- आधी झालेली जखम. भरलेल्यांपैकी साधारण ४० टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा होते

जखम म्हणजे पाय गेलाच, असं मात्र नाही. रक्तपुरवठा ठीक असेल आणि त्या जागेवरचा भार काढला, तर बहुतेक जखमा भरतात. नुसत्या मलमाने नाही, आणि घट्टा घरी ब्लेडने कापू नका. लाली पसरतेय, वास येतोय, बोट काळं पडतंय किंवा ताप आहे, तर आजच दाखवा.