सुरमई शिजली की मुरली?

प्रश्न नेरूळहून आला आहे. एका वाचक बाईंच्या सुनेनं सुरमईचे पातळ काप करून लिंबाच्या रसात बुडवून ठेवले. अर्ध्या तासानं ते पांढरेफेक झाले, तेव्हा ती म्हणाली, “आई, शिजली बघा.” सासूबाईंचं म्हणणं असं, की गॅस पेटवलेला नाही, भांडं चढवलेलं नाही, मग शिजली कुठली? मुरली म्हण. दोन दिवस घरात हाच वाद चालू आहे, कोण बरोबर ते सांगा, असं त्यांनी लिहिलंय. आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकली आहे: “लिंबानं दूध फाटतं, तसंच ना हे?”

सुरमई जरा थांबू दे. आधी ही शेवटची ओळ.

दूध फाटत नाही हो! कापड फाटतं, पिशवी फाटते, पतंग फाटतो. मराठीत दूध नासतं. ‘फाटलं’ हे हिंदीतल्या ‘फट गया’चं कलम आहे आणि गेल्या काही वर्षांत ते इतकं फोफावलंय की माझ्या नातीलाही ‘नासलं’ म्हटलं की हसू येतं. परवा नौपाड्यात दूध घेताना काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, फाटलं तर घेऊन या, बदलून देतो.” मी म्हटलं, “फाटली तर पिशवी आणीन. दूध नासलं तर काय करू?” तो म्हणाला, “तेच ते.” तेच ते नाही. नासणे हे सरळ ‘नश्यति’वरून आलेलं, रुजलेलं क्रियापद आहे. त्याला प्रयोजकही आहे: रसगुल्ल्यासाठी आपण दूध मुद्दाम नासवतो. ‘फाडतो’ म्हणून बघा बरं.

आणि हे नुसतं भाषेचं सोवळं नाही. रसायनाच्या अंगानंही ‘फाटलं’ चुकीचंच आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी, पण ती सरळ पसरलेली नसते. नऊवारीच्या निऱ्या असतात तशी ती ठरावीक घड्यांमध्ये बसलेली असते. उष्णता द्या, आम्ल घाला, खूप मीठ घाला, नाहीतर अंड्याचा पांढरा बलक जोरजोरात फेटा, या निऱ्या सुटतात. लुगडं शाबूत असतं, निऱ्या गेलेल्या असतात. आतली, पाण्यापासून लपून राहिलेली बाजू उघडी पडते आणि मग शेजारच्या साखळ्या एकमेकींना चिकटतात. अंड्याचा फेस उभा राहतो तो याच्याच जोरावर, आणि त्याला काडेपेटी लागत नाही. प्रथिनाचं हे बिघडणं म्हणजे मुळात घडी मोडणं आहे, हे पेकिंगच्या सिएन वू या रसायनशास्त्रज्ञानं १९३१ सालीच मांडलं होतं.

दुधाचं तर आणखी वेगळं. त्यातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के असतं केसीन, आणि केसीनला मुळात फारशा निऱ्याच नसतात. त्याचे बारीक गोळे दुधात तरंगत असतात. प्रत्येकावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत राहतात. ताज्या दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ६.६ च्या आसपास असतो. लिंबू पिळलं किंवा विरजण लावलं की तो घसरत जातो आणि ४.६ ला आला की गोळ्यांवरचा भार संपतो. ढकलाढकली थांबते, गोळे एकत्र येतात. लिंबानं एकदम झालं तर चोथा आणि निवळी वेगळी होते. विरजणातल्या जिवाणूंनी रात्रभर सावकाश केलं तर सगळ्या पातेल्याची मिळून एकच जाळी बनते, तिला आपण ‘दही लागलं’ म्हणतो. काय सुंदर क्रियापद आहे पाहा! लागलं. म्हणजे एकाला एक लागलं. इथे फाटण्याच्या नेमकं उलट घडतंय, आणि म्हणे दूध फाटलं!

ज्यांना ‘फाटणे’ वापरायचीच हौस आहे त्यांनी मटणाला कच्ची पपई लावावी. पपईतलं पपेन हे विकर, म्हणजे एन्झाइम, प्रथिनाची साखळीच मधून मधून तोडतं. लुगडं फाटतं ते तिथे. (चीजसाठी दुधात रेनेट नावाचं विकर घालतात तेव्हाही केसीनच्या गोळ्यांवरची लव एका ठरावीक जागी कापली जाते. तेवढ्यापुरतं ‘फाटलं’ मी चालवून घेईन. पण नौपाड्यात कोणी रेनेट विकत घेताना मी पाहिलेलं नाही.)

आता शिजणे. हा शब्द मला इतका आवडतो की प्रश्न आला नसता तरी कधीतरी त्यावर लिहिलंच असतं.

शिजणे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधण, वाफ, शिट्टी येते. पण शब्द फोडून बघा, आत विस्तव कुठेच सापडत नाही. संस्कृतात ‘सिध्यति’ म्हणजे पूर्ण होते, साधते. त्याचं प्राकृतात ‘सिज्झइ’, आणि मराठीत ‘शिजे’, शिजणे. ‘ध्य’चा ‘ज्झ’ आणि मग ‘ज’ किंवा ‘झ’ हा आपल्याकडचा वहिवाटीचा रस्ता आहे: संध्येची सांज झाली, वंध्येची वांझ, मध्यगृहाचं माजघर, ‘युध्यते’चं झुंजणे. आणि ‘सि’चा ‘शि’ का, तर ‘सीव्यति’चं शिवणे होतं आणि ‘सिक्थ’चं शीत होतं म्हणून. म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करताना शीत आणि शिजणं या दोघांनी एकाच दारातून मराठीत प्रवेश केलेला असतो. तर भात शिजला म्हणजे भात सिद्ध झाला. योग्याला मिळते ती सिद्धी आणि तुरीच्या डाळीला मिळतं ते शिजणं, धातू एकच!

याचं माझ्याकडचं सगळ्यात लाडकं प्रमाण पाणिनीचं आहे. सूत्र ६.१.४९, ‘सिध्यतेरपारलौकिके’. सिध् धातूचं प्रयोजक रूप करताना, काम परलोकाचं नसेल तर ‘साधयति’ म्हणावं असं हे सूत्र सांगतं. काशिकेत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, त्यावर उदाहरण काय दिलंय? ‘अन्नं साधयति’. अन्न शिजवतो! आणि काम परलोकाचं असेल तर? ‘तपस्तापसं सेधयति’, तप तापसाला सिद्ध करतं. म्हणजे स्वयंपाकी आणि तपस्वी दोघेही एकाच धातूवर बसलेले, आणि दोघांत गल्लत होऊ नये म्हणून व्याकरणानं एका स्वराचा फरक केला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तलावपाळीवर दोन फेऱ्या जास्त मारल्या होत्या.

एवढ्यावर थांबायला हवं, पण ‘रांधणे’ राहिलं. ते ‘रध्’ धातूवरून, ‘रन्धयति’तून आलं. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, सिध्चा अर्थ दिलाय ‘संराद्धौ’, सिद्धीस जाणे. रध्चा अर्थ दिलाय ‘हिंसासंराद्ध्योः’, मारणे आणि सिद्धीस जाणे. दोन्ही धातू चौथ्या गणातले. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन मोठ्या क्रियापदांत आग नाहीच, दोन्हीत आहे ते काम तडीस नेणं. (रध्मधली हिंसा कुठे गेली, हे आमच्याकडची वांगी सांगतील.)

आणि शिधा! तोही ‘सिद्ध’मधूनच. पण शिधा म्हणजे काय? कोरडं धान्य, न शिजवलेलं. शिधापत्रिकेवर मिळतो तो तांदूळ कच्चा असतो. एकाच मुळातून शिजलेलंही निघालं आणि न शिजलेलंही. आग शब्दाच्या पोटात असती तर हे झालं असतं का? आपल्या रोजच्या बोलण्यातही पाहा: तिथे आपली डाळ शिजणार नाही म्हणतो, दोघांचं काहीतरी शिजतंय म्हणतो, कट शिजतो. यातल्या कशालाच चूल लागत नाही. लोकांना हे वाक्प्रचार डाळीवरून आलेलं रूपक वाटतात. मला वाटतं, ‘सिध्यति’चा जुना अर्थच तिथे मुक्कामाला राहिलाय.

आमच्या सकाळच्या कट्ट्यावर संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना हे मुळीच मान्य नाही. त्यांच्या मते शिजणे हे ‘शृत’वरून आलं, कारण पाणिनीचंच ‘शृतं पाके’ असं सूत्र आहे आणि शृत म्हणजे उकळलेलं दूध किंवा शिजवलेला हवि. सूत्र आहे, अर्थही बरोबर आहे. पण गुरुजी, ‘शृत’मधल्या ‘त’चा प्राकृतात लोप होतो. मग ‘ज’ आला कुठून? आकाशातून? आणि हिंदीत ‘सीझना’ आहे, बंगालीत उकडलेल्या बटाट्याला ‘आलू सेद्धो’ म्हणतात, त्यांचं काय करायचं? त्यांनी उत्तर दिलं, “बंगाल्यांचं सोडा.” बंगाल्यांचं सोडून व्युत्पत्ती करता येत नाही.

दुसरा पक्ष विज्ञानवाल्यांचा. प्रथिनांच्या या निऱ्या सुटण्याला, म्हणजे इंग्रजीतल्या ‘डीनेचरेशन’ला, ‘विकृतीकरण’ असा प्रतिशब्द वापरलेला दिसतो. संस्कृतात विकृति म्हणजे निव्वळ बदल, हे मला ठाऊक आहे. पण आजच्या मराठीत विकृत म्हटलं की पोलीस चौकी आठवते. ‘लिंबामुळे सुरमईचे विकृतीकरण झाले’ हे वाक्य कुठल्या आईनं मुलाला सांगायचं? आपल्याकडे नासणे, विरजणे, लागणे, शिजणे, थिजणे, साकळणे अशी पंगत बसलेली असताना या शब्दाला पाटावर बसवायची काय गरज होती? ‘उलगडणे’ तरी म्हणायचं. निदान जे घडतं तेच तो शब्द सांगतो.

उष्णतेशिवाय बदल होतो का, हा प्रश्नही आजचा नव्हे. ब्रह्मसूत्रांत दुधाचा दाखला आहे, ‘क्षीरवद्धि’. दूध जसं आपणहून दही होतं तसं. भाष्यात शंकराचार्य शंका घेतात: दह्याला ऊब वगैरे बाहेरचं साधन लागतंच ना? आणि उत्तर देतात, की ऊब फक्त घाई करते, दही होण्याची शक्ती दुधातच आहे. जिवाणूंचा पत्ता तेव्हा कोणाला नव्हता, तो भाग वेगळा. पण ऊब घाई करते हे शंभर टक्के खरं. जानेवारीत आमच्याकडे दह्याचं पातेलं टॉवेलात गुंडाळून ठेवतात ते उगाच नाही.

हां, सुरमई.

मी स्वतः करून पाहिलं. बेलापूरला जाणं झालं तेव्हा दिवाळे कोळीवाड्यातून एक तुकडी आणली. कोळीण म्हणाली, “दादा, एकच?” मी म्हटलं, प्रयोग आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि एक तुकडी बांधून दिली. बोटभर जाडीचा काप काचेच्या वाटीत ठेवून वर दोन लिंबं पिळली. पाच मिनिटांत कडा दुधाळ झाल्या. वीस मिनिटांनी सुरीनं मधोमध कापलं, तर बाहेर पांढरी किनार आणि आत अजून काचेसारखा गुलाबीसर, अर्धपारदर्शक गाभा. किनार बोटाला घट्ट लागत होती, गाभा मऊ. तव्यावर अर्धवट भाजलेली तुकडी कापली तर हेच दिसतं. कारण प्रथिनांच्या बाजूनं घडतं तेच. तव्यावर स्नायूतलं मायोसिन हे प्रथिन ४० ते ५० अंशांच्या दरम्यानच उलगडायला लागतं, इथे तेच काम आम्लानं केलं. उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंतल्या की त्यातून प्रकाश आरपार जात नाही, विखुरतो, म्हणून मासा पांढरा. पेरू देशात असाच सेविचे करतात, आणि युनेस्कोनं २०२३ साली त्या परंपरेला वारशाच्या यादीतही घेतलं.

तेव्हा सूनबाईंचं ‘शिजली’ व्युत्पत्तीनं आणि प्रथिनांच्या हिशेबानंही बसतं. सासूबाईंचं ‘मुरली’ही चूक नाही, पण मुरणे सांगतं ते लिंबाचं: रस आत गेला. लोणच्यात मीठ मुरतं, जमिनीत पाणी मुरतं, तिथे प्रथिनाचा संबंध येत नाही. मुरलं लिंबू, शिजली सुरमई.

फक्त एक गोष्ट. आग जंतू मारते, माशातल्या कृमीही मारते. लिंबाच्या रसावर तो भरवसा ठेवता येत नाही. कच्चा मासा खायचाच तर कृमींसाठी तो आधी उणे २० अंशांत सात दिवस ठेवावा असा नियम आहे, आणि जंतूंना तर गारठ्यानंही फारसा फरक पडत नाही. माझी तुकडी मी शेवटी हळद-तिखट लावून, रव्यात घोळवून तव्यावर टाकली. बायको म्हणाली, “आता शिजली.” मी पाणिनी काढणार होतो, पण भाकरी गार होत होती.