बायबलमधली वचनं शब्दशः घ्यायची की आत्मिक अर्थाने?

ताई, सलाम. तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की आईला बऱ्याच वर्षांची शुगर आहे, एका प्रार्थना सभेत वक्त्याने सांगितलं की ख्रिस्ताला बसलेल्या फटक्यांनी आपल्याला आरोग्य मिळालं हे जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याचं वचन जसंच्या तसं धरा, गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. तुमचे स्वतःचे पाळक म्हणतात की ते वचन फक्त आत्म्याबद्दल आहे, शरीराचा काही संबंध नाही. मग खरं कोण, आणि सगळं आत्मिकच असेल तर अब्राहामाला देऊ केलेल्या देशाचं काय, तोही आत्मिकच का, असं तुम्ही विचारलंय.

आधी महत्त्वाचं. आईच्या गोळ्या बंद करू नका. इन्सुलिन चालू असेल तर एक दिवससुद्धा नको, ते अचानक सोडलं तर जिवावर बेतू शकतं. डोस कमीजास्त करायचा तर तो डॉक्टर करतील, सभेतला वक्ता नाही.

आता वचनाचं. मी सोलापूरचा, बरीच वर्षं संडे स्कूलमध्ये मोठ्या मुलांना शिकवतोय आणि हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. माझं म्हणणं असं आहे की "शब्दशः की आत्मिक" हे आपण वरून ठरवायच्या आधी बायबल स्वतः स्वतःची जुनी वचनं कशी वाचतं ते बघावं. तुमच्या आईला सांगितलेलंच वचन घ्या, यशया 53. त्यातलं रोग आणि बरं होण्याविषयीचं बोलणं नव्या करारात दोन ठिकाणी येतं. मत्तयच्या 8व्या अध्यायात येशू पेत्राच्या सासूचा ताप घालवतो, संध्याकाळी लोक आजाऱ्यांना आणतात, तो सगळ्यांना बरं करतो, आणि मत्तय म्हणतो की त्याने आमचे विकार घेतले, आमचे रोग वाहिले हे यशयाचं बोलणं इथे पूर्ण झालं. म्हणजे चक्क ताप, चक्क रोग. तेव्हा "शरीराचा काही संबंध नाही" हे तुमच्या पाळकांचं म्हणणं मत्तयसमोर टिकत नाही.

पण पेत्राच्या पहिल्या पत्रात दुसऱ्या अध्यायात तोच यशया परत येतो, आणि सभेतले लोक नेमका हा भाग अर्धा वाचतात. 24वं वचन वाचतात, 18व्यापासून वाचत नाहीत. 18 पासून वाचलं तर कळतं की पेत्र बोलतोय घरातल्या दासांशी, ज्यांचे मालक कडक आहेत, जे चूक नसताना मार खातात. अशा माणसांना तो सांगतो की ख्रिस्ताने आपली पापं स्वतःच्या देहावर घेऊन खांबावर वाहिली, आणि त्याला बसलेल्या माराने तुम्ही बरे झालात. विचार करा की, हे पत्र वाचून दाखवलं जात असताना समोर बसलेल्या कुणाच्या तरी पाठीवरचे वळ अजून ओले असतील, आणि पेत्र त्याला म्हणतोय तू बरा झालास. तो खोटं बोलत नाहीये आणि त्या माणसाच्या पाठीकडे दुर्लक्षही करत नाहीये, तो म्हणतोय की तू मेंढरासारखा भटकत होतास, आता तुझ्या जिवाच्या मेंढपाळाकडे परत आलास, हे तुझं बरं होणं, आणि ते तुझ्या मालकाला काढून घेता येणार नाही. मला तर बायबलमधल्या सगळ्यात धीर देणाऱ्या जागांपैकी ही एक वाटते, आणि तिचा वापर आजारी बाईला गोळ्यांची लाज वाटावी म्हणून व्हावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणजे एकच वचन, एकाने शरीरासाठी वाचलं, एकाने पापासाठी, आणि दोघेही बरोबर. देव आजही बरं करतो असं मी मानतो, आम्ही मंडळीत आजाऱ्यांसाठी नाव घेऊन प्रार्थना करतो. पण प्रत्येक विश्वासणारा प्रत्येक वेळी बरा होणारच असा त्या वचनाचा करार असता तर पौलाला तो माहीत नसता का? त्याने आपल्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरेशी आहे. त्रफिम या सोबत्याला त्याने मिलेत शहरात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, त्या काळचं घरगुती औषधच ते. तीमथ्याचा विश्वास कमी पडला असं तिथे एका अक्षरानेही म्हटलेलं नाही.

आणि वचन संदर्भातून उचलून "आता करून दाखव" म्हणणं हे काय असतं ते बघायचं तर मत्तय 4 बघा. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करतो आणि 91वं स्तोत्र म्हणून दाखवतो, देवदूत तुला हातांवर झेलतील, टाक उडी. वचन खरंच आहे, स्तोत्रातलंच आहे. येशू ते खोटं आहे असं म्हणत नाही, तो म्हणतो परमेश्वराची परीक्षा पाहू नको. गोळ्या सोडून शुगर रिपोर्टची वाट बघणं मला त्या शिखरावरच्या उडीसारखंच वाटतं.

वचन असं संदर्भातून उचलणं 31 डिसेंबरलाही होतं. आमच्याकडे वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेनंतर वचनांची ताटली फिरते, तुमच्याकडेही फिरत असेल, छोटी छोटी कार्डं, डोळे मिटून एक उचलायचं आणि ते तुमचं वर्षभराचं वचन. मलाही ते आवडतं, नाही म्हणत नाही. पण त्यात यिर्मया 29:11 निघालं की लोक खूष, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, म्हणजे यावर्षी मुलाची नोकरी पक्की. कार्डावर 10वं वचन छापलेलं नसतं. त्यात लिहिलंय की बाबेलची 70 वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. हा अध्याय म्हणजे बाबेलात कैद करून नेलेल्या यहुद्यांना यिर्मयाने पाठवलेलं पत्र, आणि ज्यांना ते आलं त्यातल्या बहुतेक मोठ्या माणसांनी परतीचा रस्ता पाहिलाच नाही, ती तिथेच वारली. म्हणून तर यिर्मया त्यांना सांगतो घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, त्या परक्या शहरासाठी प्रार्थना करा. त्याच्या आधीचा 28वा अध्यायही वाचा, तिथे हनन्या नावाचा संदेष्टा आहे जो मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल, आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडून टाकतो. लोकांना हनन्याच आवडला असणार, कुणाला नाही आवडणार. यिर्मया त्याला आमेन म्हणतो, देव असंच करो म्हणतो, त्यालाही तेच हवं होतं, पण देवाने सांगितलेलं ते नव्हतं. आणि 70 वर्षांचं वचन मात्र खरोखरच्या इतिहासात खरोखरच्या रस्त्याने पूर्ण झालं, पारसाच्या कोरेश राजाने बाबेल जिंकलं आणि यहुदी लोक परत गेले. अगदी शब्दशः. फक्त कार्ड उचलणाऱ्याच्या कॅलेंडरप्रमाणे नाही.

अब्राहामाच्या देशाबद्दल आता. उत्पत्ती 15 मध्ये सीमा सांगितल्यात, मिसरच्या नदीपासून फरात नदीपर्यंत. यहोशवा 21 म्हणतो की देवाने दिलेल्या वचनांपैकी एकही वाया गेलं नाही. पण खुद्द अब्राहामाला काय मिळालं? सारा वारली तेव्हा तिला पुरायलासुद्धा त्याला 400 शेकेल चांदी मोजून हेब्रोनजवळ एफ्रोनाचं शेत आणि मकपेलाची गुहा विकत घ्यावी लागली. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन प्रेषितांची कृत्ये 7 मध्ये स्पष्ट म्हणतो, त्याला पाऊल टेकण्याएवढीही जमीन दिली नाही. इब्री 11 यावर सांगतं की ते सगळे वचनफळ न मिळता विश्वासात मेले, त्यांनी ते दुरून पाहिलं, ते आणखी चांगल्या, स्वर्गीय देशाची वाट बघत होते. आणि पौल रोमकरांस 4:13 मध्ये तर कनान, म्हणजे तो वचनाचा देश, एवढंसुद्धा म्हणत नाही, अब्राहाम जगाचा वारीस होईल म्हणतो. म्हणजे वचन पातळ झालं नाही, वाढलं. आत्मिक म्हणजे कमी खरं, असं जे आपल्या डोक्यात बसलंय ते आधी काढायला हवं.

यावर मंडळीत मतभेद जुनेच आहेत. प्रकटीकरण 20 मधली ख्रिस्ताच्या राज्याची 1000 वर्षं इरेनियससारख्या सुरुवातीच्या शिक्षकांनी पृथ्वीवरचं प्रत्यक्ष राज्य म्हणून घेतली, ऑगस्टीनने पाचव्या शतकात तोच काळ मंडळीचा चालू काळ म्हणून वाचला, आणि आज यूट्यूबवर इस्राएलबद्दल जी शिकवण ऐकू येते ती बरीचशी 19व्या शतकातल्या डार्बी या उपदेशकाकडून आणि 1909च्या स्कोफिल्ड बायबलच्या टीपांमधून आलीय. प्रामाणिक विश्वासणारे दोन्हीकडे आहेत, त्यावरून कुणाला पाखंडी ठरवू नये.

पण सगळंच आत्मिक करून टाकणं हीपण पळवाटच. सोलापुरात मे महिन्यात यशया 35 वाचा, अरण्यात पाणी फुटेल, बायका मान वर करून ऐकतात, कारण उजनी धरणाचं पाणी वर्षानुवर्षं नळाला रोज आलेलं नाही, काही दिवसांच्या अंतराने यायचं आणि हंडे भरून ठेवावे लागायचे. त्यांना पाणी म्हणजे पाणीच. योहान 7 मध्ये येशू जिवंत पाण्याबद्दल बोलतो आणि योहान लगेच सांगतो की हे तो आत्म्याविषयी बोलला. बरोबर. पण तोच येशू मत्तय 25 मध्ये म्हणतो मी तान्हेला होतो, तुम्ही मला प्यायला दिलं, आणि तिथे पेल्यातलंच पाणी आहे, त्याचा आत्मिक अर्थ काढून कुणाला सुटता येणार नाही. आपल्या विश्वासाचा शेवटसुद्धा देहाशिवायचा नाही, 1 करिंथ 15 शरीराचं पुनरुत्थान सांगतं. तेव्हा तुमच्या आईचं शरीर देवाला नकोय असं कुणी समजू नये, तिची शुगर, तिचे पाय, तिचे डोळे सगळ्याची त्याला काळजी आहे, आणि तिचं पूर्ण बरं होणं वचनात आहेच, ते या महिन्याच्या रिपोर्टमध्ये दिसेल की पुनरुत्थानात हे ठरवायचा हक्क आपल्याकडे नाही.

आईशी बोलताना त्या वक्त्यावर टीका करून सुरुवात करू नका, तिचा त्याच्यावर जीव बसला असेल तर ती ऐकणार नाही. तिच्याबरोबर बसून 1 पेत्र 2, 18 ते 25 सलग वाचा, मग 1 तीमथ्य 5:23 वाचा आणि तिलाच विचारा की पौल तीमथ्याला असं का म्हणाला असेल. आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना पाळकांना सोबत या म्हणा, आमचे पाळक जातात.