बाटलीतलं शैवाल कुठल्या समुद्रातलं?

संत्र्यावर फवारायला आणलेल्या सीवीडच्या (समुद्री शैवालाच्या) बाटलीवर ‘अ‍ॅस्कोफायलम नोडोसम’ लिहिलंय. हे कोकणात का मिळत नाही? (बागायतदार, काटोल)

ते उत्तर अटलांटिकचं. नॉर्वे, आयर्लंड, कॅनडातला नोव्हा स्कोशिया इथल्या खडकांवर वाढतं, तेही आडोशाला. उघड्या किनाऱ्यावर लाटा त्याला टिकू देत नाहीत. त्याच्या शेवाळी पट्ट्यांवर हवेचे फुगे येतात, साधारण वर्षाला एक. फुगे मोजा, पहिली दोन-चार वर्षं मिळवा, की वयाचा अंदाज आला. कोकणचं कोमट पाणी त्याला सोसत नाही. मात्र काही बाटल्यांत तमिळनाडूत तराफ्यांवर वाढवलेलं कॅपाफायकस नावाचं शैवाल असतं, आणि ते उष्ण पाण्यातलंच. दुकानदार दोन्हींना ‘सीवीड’च म्हणतो, तेव्हा लेबल वाचूनच पैसे द्या.

थंड पाण्यात मोठी शैवालं वाढतात, तर सर्वांत जास्त अंटार्क्टिकात का नाहीत? (विद्यार्थिनी, धरमपेठ)

प्रश्न आवडला, कारण आपण ‘थंड’ म्हणून सगळं एकाच पोत्यात भरतो. दक्षिण आफ्रिकेचा नकाशा काढा. पश्चिम किनाऱ्यावर वारा वरचं पाणी लोटतो आणि खालून गार, नायट्रेटने भरलेलं पाणी वर येतं. तिथे केल्पची, म्हणजे मोठ्या तपकिरी समुद्री शैवालांची जंगलं. जवळपास त्याच अक्षांशावर पूर्वेला डरबान, तिथे उष्ण प्रवाह, जंगल नाही. म्हणजे थंडीइतकंच ती घेऊन येते ते खतही महत्त्वाचं.

अंटार्क्टिकात खत भरपूर, पण बर्फ उथळ खडक खरवडून काढतो. खरे केल्प तिथे नाहीतच; त्यांची जागा डेस्मारेस्टिया कुळातल्या शैवालांनी घेतली आहे. आर्क्टिकमधलं लॅमिनारिया सॉलिडुंगुला तर आपल्या आजीसारखं: उन्हाळ्यात साठवण करतं आणि हिवाळ्याच्या अंधारात त्याच शिदोरीवर नवं पान काढतं. बाल्टिक समुद्रही थंडच, पण पाणी जेमतेम खारट. तिथे जाती कमी आणि ज्या आहेत त्या खुरटलेल्या.

घरच्या अ‍ॅक्वेरियममध्ये केल्प लावता येईल का? (वाचक, मानेवाडा)

नागपूरच्या मे महिन्यात? नको हो. २०११ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळचा समुद्र नेहमीपेक्षा काही अंशच जास्त तापला, तर सुमारे १०० किलोमीटर किनाऱ्यावरची केल्पची जंगलं गेली. तुमच्या टाकीला खारं पाणी, सतत प्रवाह आणि पाणी गार ठेवणारा, रात्रंदिवस चालणारा चिलर लागेल. शिवाय मध्येच वीज गेली तर?