ईसॉपचे शेअर विकावेत का? आधी तुम्हाला काय ठाऊक आहे ते पाहा

शेंद्र्याच्या एका लिस्टेड कंपनीत, जिथे विमानांचे सुटे भाग तयार होतात, तुम्ही नियोजन विभागात आहात. एका मोठ्या ऑर्डरचा पुरवठा लांबणार असल्याचे तुम्हाला अंतर्गत बैठकीत कळले आहे. बहिणीच्या लग्नासाठी ईसॉपचे, म्हणजे कर्मचारी म्हणून कंपनीच्या योजनेतून मिळालेले, शेअर विकायचे आहेत, ट्रेडिंग विंडो, म्हणजे कर्मचाऱ्यांना कंपनीच्या शेअरचे व्यवहार करण्याची मुभा असलेला काळ, उघडी आहे आणि दोन वरिष्ठांनीही नुकतेच शेअर विकले आहेत, मग अडचण कोणती, असे तुम्ही विचारले आहे. वाळूजमध्ये कंपनी सेक्रेटरी म्हणून आयुष्य घालवल्यावर मी एवढेच सांगेन, की ती बातमी जाहीर होईपर्यंत एकही शेअर विकू नका.

तुमच्याच क्षेत्रातले एक उदाहरण देतो. नोएल फोर्जार हे १९९८ पासून एअरबसचे प्रमुख होते आणि २००५ मध्ये तिच्या मूळ कंपनीचे, म्हणजे ईएडीएसचे, सह-मुख्याधिकारी झाले. मार्च २००६ मध्ये त्यांनी ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावात शेअर घेण्याचा हक्क, वापरून मिळालेले शेअर विकले आणि सुमारे २५ लाख युरो नफा कमावला. १३ जूनला ए३८० विमानांचा पुरवठा लांबल्याचे जाहीर झाले. हॅम्बर्ग आणि तुलूझ येथील अभियंते एकाच आरेखन-प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत असल्याने शेकडो किलोमीटर लांबीच्या वायरिंगची जुळणी बसत नव्हती. दुसऱ्याच दिवशी शेअर सुमारे २६ टक्क्यांनी कोसळला आणि जुलैत फोर्जार यांना पद सोडावे लागले. विक्रीच्या वेळी विलंबाची कल्पना नव्हती, असे ते सांगत राहिले. फ्रान्सच्या शेअर बाजार नियामकाने २००९ मध्ये त्यांना दोषमुक्त केले आणि फौजदारी खटलाही २०१५ मध्ये थांबला, कारण त्याच कृत्यासाठी दुसऱ्यांदा कारवाई करता येत नाही, असे ठरले. म्हणजे दोष सिद्ध झाला नाही, तरी नऊ वर्षे चौकशीत गेली. आणि तुम्हाला तर विलंब ठाऊक नव्हता असे म्हणण्याचीही सोय नाही.

आपल्याकडे शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार, अप्रकाशित किंमत-संवेदनशील माहिती, म्हणजे शेअरचा भाव हलवू शकेल अशी जाहीर न झालेली माहिती, जवळ असताना व्यवहार केला, तर तो त्या माहितीमुळेच केला असे गृहीत धरले जाते. विंडो उघडी असल्याने त्यात फरक पडत नाही. दंड किमान १० लाख रुपये असून तो २५ कोटी किंवा नफ्याच्या तिपटीपर्यंत, यांपैकी जे अधिक असेल तिथपर्यंत, जाऊ शकतो. वरिष्ठांनी कदाचित किमान १२० दिवस आधी जाहीर केलेल्या ट्रेडिंग प्लॅननुसार विक्री केली असेल. त्यांची नक्कल करू नका. शेअर गहाण ठेवण्याचा मार्गही टाळा, कारण तोही व्यवहारच मानला जातो.

माझ्याकडे एकदा एक अभियंता मुलीच्या प्रवेशाच्या पैशांसाठी प्री-क्लिअरन्सचा, म्हणजे विक्रीपूर्व मंजुरीचा, अर्ज घेऊन आले होते. ‘माझ्याकडे अशी माहिती नाही’ या ओळीवर पेन टेकवून ते बराच वेळ थांबले, मग अर्जाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. तिमाही निकालांनंतर त्यांनी शेअर विकले. भाव कमी मिळाला, पण त्यांच्या फाइलला कुणी हात लावला नाही.

लग्नाच्या खर्चासाठी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम मिळते का ते पाहा, भावंडाच्या लग्नासाठी तशी तरतूद आहे. ऑप्शन वापरून शेअर नावावर करून घ्यायलाही हरकत नाही. बातमी जाहीर होऊन ४८ तास उलटले, की लेखी मंजुरी घ्या आणि सात ट्रेडिंग दिवसांच्या आत विक्री उरका.