मागच्या जोडीतल्या आतल्या टायरची हवा कशी तपासायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : जुना सहाचाकी टेम्पो (मागे दोन्ही बाजूंना दोन-दोन चाकांची जोडी) घेतलाय, वाशी मार्केटमधून कांदा-बटाटा भरून तो नाशिकपर्यंत जातो. ड्रायव्हर रोज सकाळी चाकांवर टॉमी (लोखंडी दांडा) मारतो आणि "हवा ठीक आहे" म्हणतो. एवढं पुरतं का? आतल्या टायरची हवा मोजायची कशी, किती ठेवायची? आणि डाव्या बाजूच्या आतल्या टायरचा वाल (हवा भरायचं तोंड, व्हॉल्व्ह) हाताला लागतच नाही, त्याचं काय करायचं?

पुरत नाही. टॉमी मारून टायर पार बसलाय का, एवढंच कळतं. हवा किती आहे हे गेज लावल्याशिवाय कळत नाही, आणि आतल्या टायरच्या बाबतीत तर अजिबात नाही.

हे मी एवढं ठासून सांगतोय कारण आमच्या गाडीवर बेतलं होतं. माझ्या दोन गाड्या आहेत, दोन्ही दहाचाकी, न्हावा शेवाहून माल उचलतात. वडाळ्याला उभ्या असतात. काही वर्षांपूर्वी एका रात्री मीही गाडीत होतो. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर मागून बार उडाल्यासारखा आवाज आला आणि गाडी एका अंगाला बसली. उतरून बघतो तर उजव्या जोडीतला बाहेरचा टायर फाटलेला. हा टायर जेमतेम चार महिन्यांचा, नक्षी शाबूत, त्यामुळे पहिला राग टायरवर निघाला. बाहेरचं चाक काढलं तेव्हा खरं काय ते दिसलं. आतला टायर गरम होता, बाजूला निळसर झाक आलेली, आणि दुकानात तो डिस्कवरून (चाकाच्या लोखंडी भागावरून) उतरवला तेव्हा आतून रबराचा काळा भुसा पडला, मूठभर. म्हणजे तो कित्येक दिवस कमी हवेवर चालत होता. त्याच्या वाटचं वजन बाहेरचा एकटा ओढत होता, आणि त्या चढाला त्याचा दम संपला. एका वालच्या बारीक गळतीने दोन टायर गेले. मागून कोणी दुचाकीवाला येत नव्हता हे नशीब. त्याच संध्याकाळी कळंबोलीला काकांनी (आमचे ड्रायव्हर, मी त्यांना काकाच म्हणतो) सगळ्या चाकांवर टॉमी मारली होती. माझ्यासमोर मारली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी एक प्रयोग केला. उभ्या गाडीच्या एका चांगल्या जोडीतल्या आतल्या टायरमध्ये १०० पाउंड (पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) हवा होती. मी थोडी थोडी काढत गेलो, काका दर वेळी टॉमी मारून सांगत गेले. ९० ला "ठीक". ८० ला "ठीक". ७० लाही "ठीक". पासष्टच्या खाली गेल्यावर म्हणाले, "हा जरा बसका वाटतो." २५ वर्षं स्टिअरिंगवर बसलेला माणूस. त्यांचा कान चुकीचा नाही, तो आवाजच फसवा आहे. शिवाय जोडीत आतला टायर बसका झाला तरी बाहेरचा गाडी उचलून धरतो, त्यामुळे डोळ्यालाही फुगवटा दिसत नाही. एकट्या चाकाचा टायर बसला तर पोरगंसुद्धा ओळखेल, पण जोडी ते झाकून ठेवते.

आता हवा मोजायची कशी ते सांगतो.

गाडी सपाट जागेवर, रात्रभर उभी असताना सकाळी सर्वांत आधी मोजा. निदान तीन-चार तास तरी चाललेली नसावी. हँडब्रेक लावा, चाकाला लाकडी ठोकळा लावा. साधं कारचं गेज इथे कामाचं नाही. ट्रकचं लांब दांड्याचं, दुतोंडी गेज घ्या : टोकाला एक तोंड सरळ ढकलून बसतं, दुसरं उलटं, म्हणजे ओढून बसवायचं. जोडीतल्या दोन वालांची तोंडं वेगवेगळ्या दिशेला असतात म्हणूनच ते तसं बनवलेलं असतं. १५० पाउंडांपर्यंत आकडे असलेलं घ्या. हल्लीची गेजं पाउंड दाखवतात आणि बारही दाखवतात. १ बार म्हणजे साडेचौदा पाउंड.

बाहेरच्या डिस्कला जी मोठी भोकं असतात त्यातून टॉर्च मारा. आतल्या टायरचा वाल त्यातल्याच एका भोकासमोर दिसायला हवा. हात घालायच्या आधी चाकामागचा ब्रेकचा ड्रम गार आहे ना बघा, गाडी नुकतीच घाट उतरून आली असेल तर मनगट भाजतं. वालवर ब्रेकची काळी भुकटी आणि चिखल जमलेला असतो, आधी फडक्याने पुसा. टोपी काढा, बोटाच्या नखाने वालची पिन क्षणभर दाबा, तोंडातली धूळ उडून जाते. मग गेज सरळ, एका दाबात बसवा. फुस्स आवाज येत राहिला तर ते तिरकं बसलंय, तो आकडा धरू नका. दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे जुळले तरच लिहा. मोजून झाल्यावर वालच्या तोंडावर बोटाने थोडी थुंकी लावा. बुडबुडा फुगला तर पिन गळतेय, ती बदलायला पाच मिनिटं लागतात. आमची ती रात्र याच पाच मिनिटांमुळे वाचली असती. शेवटी टोपी, आणि ती धातूची, आत रबर असलेली. प्लास्टिकची टोपी ड्रमच्या उष्णतेने तडकते. टोपीशिवायच्या वालमध्ये पावसाळ्यात जी घाण शिरते ती पुढच्या वेळी गेज लावताना पिनमध्येच जाऊन बसते.

आकडे वहीत लिहा, चाकांना नंबर देऊन. एकाच टायरचा आकडा दर आठवड्याला तीन-चार पाउंडांनी उतरतोय हे वहीतच दिसतं, डोक्यात राहत नाही. आठवड्यातून एकदा, आणि लांबच्या फेरीआधी, एवढं बस होतं.

किती ठेवायची, याचं उत्तर मी आकड्यात देणार नाही. तुमच्या टायरचा साइझ आणि एक्सलवर पडणारं वजन माहीत नसताना सांगितलेला आकडा घातक ठरू शकतो. गाडीच्या दरवाजाजवळची पट्टी किंवा कंपनीचं पुस्तक बघा, तिथे पुढच्या आणि मागच्या टायरचा आकडा वेगवेगळा दिलेला असतो. टायरच्या बाजूवरही वाचण्यासारखं बरंच असतं. उदाहरणार्थ, लक्झरी बसला लागणाऱ्या २९५/८० आर २२.५ या टायरवर १५२/१४८ असा जोड आकडा असतो. पहिला एकट्या चाकासाठी, दुसरा जोडीसाठी. १५२ म्हणजे ३५५० किलो, १४८ म्हणजे ३१५० किलो. जोडीत त्याच टायरला कमी वजन का दिलंय? कारण दोघे कधीच अगदी सारखं वजन वाटून घेत नाहीत, आणि दोघांमध्ये वारा कमी खेळतो. जोडी म्हणून दोघांची मिळून ताकद झाली ६३०० किलो. जोडी पूर्ण भरलेली असताना एक बसला तर एकट्यावर तेवढं सगळं येतं, त्याच्या जोडीतल्या क्षमतेच्या दुप्पट. मोठ्या ट्रकचं बोलायचं तर २०१८ पासून चार टायरच्या एका एक्सलला ११.५ टनांची परवानगी आहे, म्हणजे एका टायरवर पावणेतीन टनांच्या वर. एवढ्या वजनात "थोडी कमी असेल हवा" असं काही चालत नाही.

आणि आतल्या टायरवर तसंही जास्त भार असतो. रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे आतला टायर जास्त दाबला जातो. त्यातून ब्रेक ड्रमची धग त्याच्याच अंगाला. म्हणून मोजायला वेळच कमी असेल तर आधी आतला मोजा. आपण नेमकं उलटं करतो.

जोडीतल्या दोघांची हवा एकसारखी हवी. ५ पाउंडांपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. उंचीही एकसारखी हवी, ही गोष्ट जुनी गाडी घेणाऱ्याने खास बघावी, कारण विकणारा बरेचदा मिळेल तो टायर लावून देतो. ८.२५ इंच रुंदीपर्यंतच्या टायरमध्ये व्यासाचा फरक ६ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतात, त्याहून मोठ्या टायरमध्ये १२ पर्यंत. ६ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. हिशेब करून बघा : व्यासात ६, म्हणजे घेरात साधारण १९ मिलिमीटर. समजा तुमचा टायर ८.२५-१६ असेल, तर तो एका किलोमीटरला ३७० च्या आसपास वेढे घेतो. दोन्ही टायर एकाच हबला आवळलेले, वेढे सारखेच घेणार, पण एकाला जास्त अंतर कापायचं असतं. तो फरक किलोमीटरमागे ७ मीटर होतो, आणि तेवढं कोणीतरी रस्त्यावर घासटत जातं. वाशी ते नाशिक १७० किलोमीटर धरले तर एका फेरीत एक किलोमीटरहून जास्त घासटणं. हा चालवून घेण्याच्या हद्दीतला फरक. हवेच्या फरकाने हेच होतं, कारण बसक्या टायरची उंची कमी होते. डिझेल आणि रबर दोन्ही तिथे जातं. फरक बघायचा असेल तर मागच्या चारही टायरवर आडवी ताणलेली दोरी धरा, जिथे फट दिसेल तो टायर लहान. थोडा फरक असलाच तर मोठा टायर बाहेर लावायचा. आणि एका जोडीत एक नायलॉन, एक रेडियल (टायरच्या आतल्या बांधणीचे दोन प्रकार) असं कधीच नको.

गरम टायरची हवा काढू नका. हे ड्रायव्हर लोक फार करतात, आणि चांगल्या हेतूनेच करतात. दुपारी घाट चढून आल्यावर गेज लावलं, ११५ दाखवलं, "फुटेल" म्हणून १५ पाउंड सोडून दिले. पण चालल्यावर हवा तापून दाब वाढणारच, तो धरूनच गार टायरचा आकडा ठरवलेला असतो. सोडून दिलीत तर रात्री टायर गार झाला की तो ८५ वर उतरतो, सकाळी माल भरून निघता तेव्हा कमी हवेवरच निघता, आणि कमी हवेचा टायर जास्त तापतो. थंडीचंही तसंच. शंभराच्या आसपासच्या टायरमध्ये दर ५-६ अंशांना २ पाउंडांचा फरक पडतो. जानेवारीत मुंबईत ३० अंशांना भरलेली हवा नाशिकला पहाटे १० अंशांना सात-आठ पाउंड कमी दिसेल. टायर गळत नाहीये, पण निघण्याआधी तिथे एवढी हवा भरून घ्यायला हवी.

नायट्रोजनबद्दल विचारलं नाहीत, तरी कोणीतरी गळ्यात मारेल म्हणून सांगतो : भरला तरी गेज लावणं सुटत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. मोजताना एखादा टायर ठरलेल्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त खाली निघाला, म्हणजे १०० च्या जागी ८० पेक्षा कमी, आणि गाडी त्यावर चाललेली असेल, तर त्यात नुसती हवा भरून पुढे निघू नका. तो उतरवून आतून तपासायला हवा. कमी हवेवर चाललेल्या रेडियल टायरच्या बाजूतल्या तारा वाकून वाकून तुटलेल्या असतात, वरून काही दिसत नाही, आणि हवा भरताना ती बाजू चेनसारखी उघडते. ट्यूबच्या टायरला आणखी धोका रिंगचा, म्हणजे टायर डिस्कवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी कड्याचा. एका दुकानात मी रिंग उडालेली पाहिली आहे. हवा भरणारा मुलगा १८-१९ वर्षांचा होता, चाकावर ओणवा होऊन बसला होता. तो वाचला, पण हात परत पहिल्यासारखा झाला नाही. तेव्हापासून मी दुकानदाराला आधीच सांगतो : असा टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, लांब पाइपने भरा, नाहीतर मी दुसरीकडे जातो. भरताना स्वतःही चाकाच्या बाजूसमोर उभे राहू नका, आणि कुणालाही राहू देऊ नका. दहा मिनिटं उशीर झाला तर होऊ द्या.

ड्रायव्हरवर चिडू नका, एवढी विनंती. आतल्या टायरचं पंक्चर म्हणजे आधी बाहेरचं चाक उतरवणं, रस्त्याच्या कडेला तासभर, आणि मार्केटला उशीर झाला की बोलणी त्यालाच बसतात. त्याला काही शे रुपयांचं गेज घेऊन द्या, ते कसं धरायचं हे एकदा सोबत बसून करून दाखवा, आणि सकाळची १५ मिनिटं त्याच्या हक्काची ठेवा. आमच्या काकांनी आता वहीत माझ्यापेक्षा नीट आकडे लिहिलेत. टॉमी ते अजूनही मारतात, आणि मारावी. वाटेत चहाला थांबल्यावर एखादा टायर पार बसलाय का हे तिने लगेच कळतं. तेव्हाच हाताची पालथी बाजू दोन्ही टायरजवळ नेऊन बघायची. एक दुसऱ्यापेक्षा बराच गरम लागला तर त्याच्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक धरतोय.

तुमच्या डाव्या जोडीचा वाल हाताला लागत नाही, कारण कोणीतरी बाहेरचं चाक लावताना भोक वालसमोर न ठेवता मिळेल तसं बसवलंय. यावर लांबट रबरी नळी जोडून वाल बाहेर आणण्याचा सल्ला मिळेल. माझा अनुभव असा की ती नळी हलून हलून जोडाशी गळायला लागते. त्यापेक्षा बाहेरचं चाक एकदा काढून घ्या, आतल्याचा वाल भोकासमोर येईल आणि बाहेरच्याचा वाल त्याच्या बरोबर समोरच्या अंगाला राहील असं फिरवून बसवा. चाक काढलेलंच आहे तर दोन टायरच्या मधे दगड अडकलाय का तेही बघा, आणि आतल्या टायरची आतली बाजू टॉर्च मारून बघून घ्या, ती एरवी कधी दिसत नाही. नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळायचे. मग ५० ते १०० किलोमीटर झाले की गाडी थांबवून ते पुन्हा एकदा आवळून घ्या.